हँडलवरची टोपी

भावोजींना मी गिऱ्हाइकासमोर 'तू' म्हणायचो. घरी तुम्ही, कामावर तू. सख्ख्या बहिणीचा नवरा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, ज्याने मला गावाहून आणून लालबागच्या एका खोलीत स्वतःच्या पोरांबरोबर वाढवला, त्याला मी परक्या लोकांसमोर "ए, तो पाना आण" म्हणायचो. ते आणायचे. एकदा दादरला एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "वडील का हो तुमचे?" मी म्हटलं, "छे, हेल्पर आहे." भावोजी तिथेच उकिडवे बसून तांब्याच्या पाइपचं तोंड फुलवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

हे असं का, ते सांगतो. सांगून माझी बाजू सुधारणार नाही, तेवढी अक्कल मला आहे.

भावोजी मिलमध्ये फिटर होते, हवेच्या प्लांटवर. सूत कोरडं पडलं की तटातट तुटतं, म्हणून खात्यात दमट हवा सोडावी लागते. तिचे माणसाएवढे पंखे, पंप, पाण्याचे फवारे, सगळं त्यांच्या हाताखाली. मला त्यांनीच बदली कामगार म्हणून तिथे चिकटवला. वर्ष-दीड वर्ष झालं असेल, आणि संप लागला. पहिले काही महिने सगळे ताठ. मग चाळीतल्या खोल्यांना कुलपं लागायला लागली. माणसं गावाला गेली, आणि जी राहिली त्यांच्या घरी दोन्ही वेळा पेज. ताई लोकांकडे पापड लाटायला जायची आणि घरी येऊन म्हणायची, मी तिथेच जेवले. खोटं बोलायची. मी वीस वर्षांचा होतो, मला भूक सहन व्हायची नाही, आणि खरं सांगायचं तर संपातलं फारसं कळायचंही नाही. मिलवाले मागच्या गेटने बदलीवाल्यांना आत घेतायत असं कानावर आलं. एका सकाळी मी गेलो.

गेटवर भावोजी उभे होते. त्यांनी पास मागितला. मी मुकाट दिला, त्यांचा धाकच तसा होता. त्यांनी तो चार तुकडे करून फाडला आणि सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत दोन ठेवून दिल्या. "ज्या ताटात खातोस त्यातच थुंकतोस मेल्या?" आजूबाजूला सगळी आमच्याच भागातली माणसं. कोणीतरी फिसकन हसलं. मारापेक्षा ते हसणं लागलं मला.

संपाचं पुढे काय झालं ते मी सांगायला नको. मिटला नाही, विरला. मिल उघडली ती अर्धीमुर्धी, मग तीही गेली. भावोजींना परत घेतलं नाही. मी मात्र एकच धरून बसलो होतो, की त्या दिवशी मला आत जाऊ दिलं असतं तर मी टिकलो असतो. नसतो टिकलो. जे आत गेले तेही दोन-चार वर्षांनी रस्त्यावरच आले. पण राग धरायला खरं कशाला लागतं?

मी गिरगावात एका फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात लागलो. खोताच्या वाडीच्या तोंडाशी होतं. तिथे फ्रिज शिकलो, मग खिडकीतले एसी, आणि मग स्प्लिट आले तसे तेही शिकलो. स्प्लिट म्हणजे एकाच मशीनचे दोन तुकडे. आतला खोलीत भिंतीवर, बाहेरचा खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर, आणि मधे तांब्याचे पाइप. आतल्या तुकड्याने कोणाला काही होत नाही. माणूस जातो तो बाहेरच्या तुकड्यापाशी. पाय सटकतो, ब्रॅकेट निसटतं, नाहीतर आत हात असताना कोणीतरी बटण दाबतं. पुढे मी चिंचपोकळीला स्टेशनजवळ स्वतःचं छोटं दुकान टाकलं. तेव्हा ताई आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "ह्यांना घे रे तुझ्याबरोबर. दिवसभर बसून भिंतीशी बोलायला लागलेत."

घेतलं. आणि त्या दिवसापासून त्या दोन थपडा परत करायला सुरुवात केली, थोड्या थोड्या, रोज. मशीन खांद्यावर घेऊन जिन्याने त्यांनाच पाठवायचो. जेवायला बसले की हाक मारायचो. गिऱ्हाइकासमोर म्हणायचो, "संपवाला आहे हा, ह्याला हळूहळू काम करायची सवय." लोक हसायचे. भावोजींचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. घरी ताईला त्यांनी एका अक्षराने कधी सांगितलं नाही.

आणि काम? काम माझ्यापेक्षा दसपट चांगलं, हाच तर माझा जळफळाट. ब्रॅकेट ठोकलं की त्यावर मशीन चढवण्याआधी स्वतः पट्टा बांधून, लोंबकळून बघणार. पाइपात दाब भरला की प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघत बसणार, बुडबुडा येतो का. लाइट बंद केल्यावरसुद्धा कपॅसिटरला लगेच हात लावणार नाहीत, त्यात वीज साठून राहते, ती उतरवणार आणि मग पुढे. मी घाई करायचो. ते म्हणायचे, "मशीनला घाई नसते रे. आपल्यालाच असते."

पण त्यांची एक सवय माझ्या डोक्यात जायची. ती टोपी. पांढरी टोपी, तेलाच्या डागांनी मळकट झालेली, मिलपासूनची.

मिलमध्ये असं होतं. फिटर मशीनच्या आत शिरायच्या आधी मेन स्विच पाडायचा आणि त्याच्या हँडलवर स्वतःची टोपी अडकवायचा. टोपी लागली म्हणजे आत माणूस आहे. मग मुकादम जॉबर असो की साहेब, त्या हँडलला हात लावायचा नाही. पाळी बदलली, भोंगा झाला, तरी नाही. ज्याची टोपी त्यानेच काढायची. आणि अगदीच कोणाला ती उचलावी लागली, तर उचलणाऱ्याने स्वतः तिथे उभं राहायचं, आतला बाहेर येईपर्यंत. टोपी नाहीतर माणूस. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मला हे भावोजींनीच शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात, माझ्या टाळूवर टपली मारून.

आता फ्लॅटमध्ये कुठलं आलंय हँडल? दाराच्या बाजूला एक डबा असतो, त्यात एवढी एवढीशी बटणं. भावोजी बटण पाडायचे, डब्याचं झाकण उघडं ठेवायचे आणि त्या झाकणावर टोपी अडकवायचे. गिऱ्हाईक जवळ नसलं की मी म्हणायचो, "भावोजी, ही मिल नाही. इथे कोणाला कळतंय तुमच्या टोपीतलं?" ते म्हणायचे, "तुला कळतं ना? मग झालं." सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

त्या दिवशी काम परळला होतं. नवा टॉवर, बारावा मजला, मोठा फ्लॅट. बेडरूमच्या मशीनचा बाहेरचा पंखा थडथड करत होता. पाहिलं तर पात्याचा नट ढिला. सकाळचे अकरा वाजले असतील. भावोजींनी पॅसेजमधला डबा उघडला. कुठलं बटण कशाचं ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी संशयाची दोन पाडली. टोपी अडकवली. पट्टा बांधला, दोर खिडकीच्या आतून पक्का केला आणि खिडकीतून छज्ज्यावर उतरले. बेडरूमचं दार उघडं होतं. पॅसेजमधल्या डब्यापासून खिडकीपर्यंत सरळ नजर जात होती. त्यांना मी दिसत होतो, मला ते.

घरच्या मॅडम पॅसेजमधून आल्या आणि थबकल्या. "हे काय लटकवलंय इथे? शी. दुपारी पाहुणे आहेत माझ्याकडे."

मला त्या मॅडमकडून सबंध बिल्डिंगच्या सर्व्हिसिंगचं काम हवं होतं. त्या सोसायटीच्या कमिटीवर होत्या. मी दात काढले. म्हटलं, "सॉरी मॅडम. जुना माणूस आहे, डोकं नाही." आणि ती टोपी मी दोन बोटांच्या चिमटीत उचलली, मेलेला उंदीर शेपटीने उचलतात तशी, नाक मुरडून, लांब धरून. त्यांना हसवायला. त्या हसल्या. टोपी मी हत्यारांच्या खाली पसरलेल्या पेपरावर टाकली.

तिथे उभं राहायचं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं माहीत होतं. मॅडम म्हणाल्या, हॉलमधल्या मशीनचाही जरा आवाज येतोय, बघता का, चहा पण घ्या. मी गेलो.

त्या घरात कामाला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, आमच्या लालबागच्याच, नऊवारी नेसणाऱ्या. आतल्या खोलीत त्या इस्त्री करत होत्या. भावोजींनी पाडलेल्या दोन बटणांतलं एक त्या खोलीचं होतं. इस्त्री गार पडली, म्हणून त्या डब्याशी आल्या. बघतात तर दोन बटणं खाली. दोन्ही वर केली आणि परत गेल्या.

हे मशीन असं असतं, की लाइट आली की ते आपणहून चालू होतं. आतला पंखा लगेच फिरतो. बाहेरचा तीन मिनिटांनी, कारण मधे गॅसचा दाब शांत व्हावा लागतो. म्हणजे बेडरूममध्ये आतला पंखा चालू होता, गार हवेची फडफड होत होती, आणि माझ्याकडे तीन मिनिटं होती. काचेची खिडकी बाहेरून लोटलेली, खाली रस्त्याचा गोंगाट, छज्ज्यावर भावोजींना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आलं असतं, जागेवर असतो तर. ती तीन मिनिटं मी हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसून बिस्किट खात होतो, आणि आमच्याकडे कशी ट्रेनिंग घेतलेली माणसं आहेत ते सांगत होतो.

भावोजी ओरडले नाहीत. काहीतरी खाडकन अडकल्याचा आवाज आला, आणि मग, "बंद कर. बंद कर रे."

मी धावलो, बटणं पाडली. ते पट्ट्याला लोंबत होते. पत्र्याच्या पात्यांचा पंखा होता तो. उजव्या हाताची दोन बोटं जागेवर नव्हती आणि तिसरं लोंबत होतं. मी आणि त्या बाईंनी त्यांना ओढून आत घेतलं. बाईंनी इस्त्रीच्या कपड्यांतली उशीची खोळ हाताला गुंडाळली, मनगट धरून हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मॅडमनी बर्फ आणला, ड्रायव्हरला फोन केला. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

बाई रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "दादा, टोपी नव्हती हो तिथे. माझा नवरापण मिलमध्येच होता, साच्यावर. टोपी दिसली असती तर मी हात लावला असता काय?"

अख्ख्या त्या टॉवरमध्ये आम्हा दोघांशिवाय टोपी समजणारं एकच माणूस होतं, आणि तेच त्या डब्याशी आलं होतं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. काढायला लावणाऱ्या त्या, काढणारा मी. एका शब्दाशिवाय आमचं दोघांचं ठरलं. मी त्या बाईंना म्हटलं, "टोपी होती. तूच काढून फेकलीस. ही बघ, खाली पडलीय." बाईंना मी पहिल्यांदाच 'तू' म्हणत होतो. मॅडम म्हणाल्या, "किती वेळा सांगितलंय तुला, विचारल्याशिवाय कशाला हात लावू नकोस."

चोर सोडून संन्याशाला फाशी. बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, एकदा त्या टोपीकडे. भावोजींचं मनगट काही त्यांनी सोडलं नाही. लिफ्टमध्ये, खाली, गाडीत बसेपर्यंत हात वर धरून त्या बरोबर आल्या. भावोजी शुद्धीवर होते. डोळे मिटलेले होते, पण सगळं ऐकत होते.

संध्याकाळी कळलं, त्या बाईंना कामावरून काढलं. आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगू? बरं झालं, आता ती तिथे पुन्हा बोलायला नाही.

बोटं जोडता आली नाहीत. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात ताई औषध आणायला खाली गेली तेव्हा मी आणि भावोजी दोघेच होतो. त्यांनी छताकडे बघत सांगितलं, "टोपी तू उचललीस ते मी बघितलं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्यावरच उखडलो. म्हटलं, "बघितलंत? मग हात कशाला घातलात आत?"

"तू उचललीस म्हणूनच घातला. दुसऱ्या कोणी उचलली असती तर बाहेर आलो असतो." थोडं थांबून म्हणाले, "तू मिलमधला. म्हटलं, तू उभा आहेस."

मी उगाच त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. मग त्यांनी विचारलं, त्या बाईचं काय झालं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी हळूच विचारलं, "ताईला सांगितलंत?"

"नाही." त्यांनी बँडेजचा हात जरासा उचलला. "सांगून काय करू? हा घेऊन मी आता कोणाच्या दारात जाऊ? तुझ्याकडेच खायचंय मला."

ज्या माणसाने संपात घरात दाणा नसताना कोणापुढे मान वाकवली नव्हती, त्याची मान मी अशी वाकवली. आणि मी ती वाकलेली चालवून घेतली. बिल्डिंगचं काम मला मिळालं. भावोजींना मी दुकानात बसवलं, फोन घ्यायला, डाव्या हाताने पत्ते लिहून घ्यायला. मी कामावर असताना बटणांच्या डब्याला कुलूप घालायला लागलो आणि किल्ली खिशात ठेवायला लागलो. सगळ्या मेकॅनिकांना तेच करायला लावलं. लोक म्हणायचे, सेफ्टीच्या बाबतीत माणूस फार कडक आहे.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी त्या बाई दुकानात आल्या. पत्ता विचारत विचारत आल्या असाव्यात. मी काउंटरमागे होतो. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ भावोजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, हात कसा आहे?"

"बरा आहे."

"मला दुसरं काम मिळालं. त्याचं काही नाही." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पण रात्री झोप लागत नाही हो. मालक माझे तीस वर्षं मिलमध्ये होते. त्यांना सांगितलं, तेपण म्हणाले, नीट बघायला नको? तुम्ही तर तिथे होतात. तुम्ही तरी सांगा मला. टोपी नव्हती ना?"

माझा हात वहीवर थांबला. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी मान हलवली नाही, डोळे वटारले नाहीत, काही केलं नाही. तेवढं पुरलं. मग ते समोरच्या फोनकडे बघत बोलले.

"होती बाई. कामाच्या घाईत तुला दिसली नसेल."

त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग मान हलवत म्हणाल्या, "नसेल. तुम्ही मिलमधले. तुम्ही म्हणता म्हणजे असेलच." त्यांनी भावोजींना दोन्ही हात जोडले. माफी मागितली. माझ्यामुळे हात गेला तुमचा, म्हणाल्या, आणि पायरी उतरून गेल्या.

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, तेच वाटलं आधी. भावोजी उठले, बाहेर फुटपाथवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. फोन वाजत होता. मी त्यांना आत बोलावलं नाही. फोन मीच घेतला.